पथ्यालाही मुदत लिहा

अ‍ॅलर्जीवर सल्ला देणाऱ्या डॉक्टरमंडळींना खुलं पत्र

नमस्कार.

माझ्या मुलीच्या फाइलमध्ये एक जुना कागद आहे, ती साडेतीन वर्षांची असतानाचा. वर नाव, वय, वजन. खाली दोन औषधं: एक सिरप, दिवसातून एकदा, सात दिवस, एक मलम, दोन वेळा, दहा दिवस. त्याखाली 'टाळा' एवढाच शब्द आणि त्याच्यापुढे चौदा पदार्थ. दूध, अंडं, गहू, सोयाबीन, शेंगदाणा, बदाम, काजू, तीळ, मासे, कोळंबी, हरभरा, मसूर, टोमॅटो, केळं. सिरपला मुदत होती, मलमाला मुदत होती. चौदा पदार्थांपुढे काहीच नव्हतं. दहा दिवस, दहा महिने की जन्मभर, हे मीही विचारलं नाही.

ज्यांनी तो कागद लिहिला त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण हे पत्र काही त्यांच्या एकट्यासाठी लिहीत नाहीये. पुढच्या काही वर्षांत दवाखान्यांच्या बाकांवर बसून, शेजारच्या आयांशी बोलत मी असे पुष्कळ कागद पाहिले. हस्ताक्षर वेगळं, यादी थोडी इकडेतिकडे, मुदतीची जागा सगळीकडे कोरी.

झालं होतं असं. मुलीला तान्ही असल्यापासून एक्झिमा. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या मागे कातडी लाल, कोरडी. रात्र रात्र खाजवणं. एका संध्याकाळी तिने पहिल्यांदाच दोन-तीन शेंगदाणे चावून खाल्ले. दहा मिनिटांत ओठ सुजला, गळ्यापासून पोटापर्यंत गांधी उठल्या, एक उलटी झाली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, तासाभरात सगळं उतरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर रक्त तपासू या म्हणाले, आणि मीच म्हटलं, "एकदाच काय ते सगळंच बघून टाका." लॅबकडे तयार पॅकेज होतंच. एका नमुन्यात तीस पदार्थ. चौदांपुढे अधिकचं चिन्ह आलं आणि ते चौदाच्या चौदा कागदावर उतरले.

रक्त दिलं त्या सकाळी ती दूध पिऊन आली होती. आदल्या दिवशी तिने गव्हाचं खाल्लं होतं, उकडलेलं अंडंही. वर्षभर खात होती. हे मला कुणी विचारलं नाही, आणि रिपोर्टवर अधिकचं चिन्ह दिसल्यावर मला स्वतःलाही ते आठवलं नाही. छापील कागदाची अशी जरब असते की डोळ्यांसमोर घडलेलं माणूस विसरून जातो.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरीही लिहिते, कारण जे तुम्हाला ठाऊक आहे ते टेबलाच्या या बाजूला पोचत नाही. ती चाचणी रक्तातली आयजीई नावाची प्रतिपिंडं मोजते. एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे, एवढंच कळतं. तो खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. आकडा जितका मोठा तितकी खऱ्या अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त, हे खरं. पण रिअ‍ॅक्शन किती जोराची येईल ते आकड्यावरून सांगता येत नाही. एक्झिमा असलेल्या मुलांमध्ये तर एकूण आयजीईच बहुधा वाढलेलं असतं, त्यामुळे तीस पदार्थ तपासले तर त्यातले बरेच उगाचच हात वर करतात. शिवाय शेंगदाणा, हरभरा, मसूर एकाच कुळातले. त्यांच्या प्रथिनांचे काही भाग इतके सारखे की शेंगदाण्यासाठी तयार झालेलं प्रतिपिंड मसुरालाही ओळख दाखवतं. धुळीतला माइट हा सूक्ष्म किडा आणि कोळंबी यांच्यातही असंच एक सामायिक प्रथिन आहे, ट्रोपोमायोसिन. म्हणजे धुळीने शिंका येणाऱ्या मुलाच्या रिपोर्टवर कोळंबी उमटू शकते, जरी तिने त्याला काडीचाही त्रास होत नसला तरी. त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीचंही तेच. पंधरा-वीस मिनिटांत तीन मिलिमीटरची गांध उठली की ती पॉझिटिव्ह, पण तिचा अर्थ मुलाने काय खाल्लं नि त्यानंतर काय झालं याच्या शेजारी ठेवूनच लावावा लागतो.

हे माझं मत नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या नॅशनल ज्यूइश हेल्थ या संस्थेतल्या डॉक्टरांनी २०११ साली एक अभ्यास छापला. १२५ मुलं, त्यातली बहुतेक एक्झिमावाली, अनेकांचे पदार्थ मुख्यतः रक्ताच्या रिपोर्टवरून बंद केलेले. डॉक्टरांनी देखरेखीखाली ते पदार्थ त्यांना खाऊ घालून पाहिले. ३६४ वेळा खाऊ घातलं, त्यातल्या ३२५ वेळा काहीही झालं नाही. दहातले जवळजवळ नऊ पदार्थ विनाकारण बंद होते. तो लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला.

आणि निदान आयजीईचा अ‍ॅलर्जीशी संबंध तरी आहे. अलीकडे आयजीजी या दुसऱ्याच प्रकारच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या विकल्या जातात, शंभर-दोनशे पदार्थांच्या, रंगीत तक्त्यांसकट. आयजीजी तयार होतं ते तो पदार्थ खाण्यात आला म्हणून. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच सांगितलं की अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी ही चाचणी करू नये. माणूस जे रोज खातो तेच त्या तक्त्यात लाल रंगात येतं, आणि मग त्याला त्याचं रोजचं जेवणच बंद करायला सांगितलं जातं. असा तक्ता तुमच्या टेबलावर आला तर कृपा करून तो बाजूला सारा, आणि का सारला ते समोरच्या माणसाला सांगा. तो पैसे मोजून आलेला असतो. नुसता बाजूला सारलात तर तो दुसऱ्या दवाखान्यात जाईल.

"पथ्याने कुणाचं वाईट झालंय?" हे वाक्य मी त्या काळात किती जणांकडून ऐकलं याची गणती नाही. नात्यातल्या माणसांकडून, शेजाऱ्यांकडून, आणि एकदोनदा तुमच्यापैकीही कुणाकडून. औषधाची भीती वाटते, पथ्याची वाटत नाही. औषधाचे दुष्परिणाम डबीवर छापलेले असतात, पथ्याचे कुठेच नसतात. म्हणून मी माझ्याकडचे लिहून ठेवते.

दूध बंद केल्यावर त्याच्या जागी मी एक वनस्पतिजन्य पेय सुरू केलं. रंग पांढरा, म्हणून दूधच असा माझा समज. त्यात प्रथिनं नावालाच होती आणि कॅल्शियम वरून घातलेलं नव्हतं, हे मला दीड वर्षाने कळलं. कुणी शेळीचं दूध सुचवलं, तेही देणार होते. सुदैवाने दिलं नाही, कारण गाईच्या दुधाची खरी अ‍ॅलर्जी असेल तर शेळीचंही बहुतेकदा सोसत नाही. वजनाचा आलेख आधी आडवा झाला, मग खालच्या रेषेवर उतरला. उंची थोडी मागे पडली. आणि तिच्या मनात जे बसलं ते कुठल्याच आलेखावर येत नाही. चार वर्षांची मुलगी प्रत्येक घासाआधी विचारायची, "यात काय आहे?" दुसऱ्यांच्या घरी ती पाणीसुद्धा पीत नसे. एक्झिमा मात्र होता तसाच राहिला. चौदा पदार्थ बंद करूनही कातडी तशीच आहे, तेव्हा पदार्थांचा तिच्याशी संबंध नसावा, एवढं साधं गणित आमच्यापैकी कुणीही मांडलं नाही. त्वचेला ओलावा देणारं मलम रोज दोनदा भरपूर लावणं आणि सूज उतरवणारं मलम सांगितल्याप्रमाणे, न घाबरता वापरणं, एवढ्याने पुढे तीन आठवड्यांत जो फरक पडला तो दोन वर्षांच्या पथ्याने पडला नव्हता.

याहून गंभीर गोष्ट मला सगळ्यात शेवटी कळली. एक्झिमा असलेलं मूल एखादा पदार्थ बिनतक्रार खात असेल आणि तो नुसत्या रिपोर्टवरून बंद केला, तर सहनशक्ती जाऊ शकते. काही महिन्यांनी तोच पदार्थ पुन्हा पोटात गेल्यावर खरीखुरी, जोराची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. तोंडावाटे पोटात जाणारं अन्न शरीराला ओळखीचं होतं, आणि भेगाळलेल्या त्वचेतून आत शिरणारे त्याचेच कण शरीराला शत्रू वाटतात. खाणं थांबवलं म्हणून घरातल्या धुळीत, हातांवर, गादीवर असलेले कण थांबत नाहीत. म्हणजे ओळखीचा दरवाजा आपण बंद करतो आणि वैराचा उघडाच राहतो.

तुमच्या शास्त्राने ही चूक एकदा फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिली आहे. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! २००८ साली पुरावा नाही म्हणून तो सल्ला मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. वंश सारखाच, पण ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी १.८५ टक्के मुलांना, इस्राएलमध्ये ०.१७ टक्के. इस्राएलमधली बाळं पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खात होती. मग लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांचा कटाक्षाने टाळला. २०१५ साली निकाल आला. सुरुवातीला त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्या बाळांपैकी टाळणाऱ्यांत पाच वर्षांच्या वयाला १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांत १.९ टक्क्यांना. ज्यांची चाचणी आधीच थोडी पॉझिटिव्ह होती त्यांच्यातही ३५.३ विरुद्ध १०.६. टाळल्याने जे टळेल असं वाटलं होतं, तेच टाळल्याने वाढलं.

(अख्खा दाणा बाळाच्या घशात अडकतो, तेव्हा तो वाटून, पातळ करूनच द्यायचा, आणि तीव्र एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. हे कंसात लिहिते आहे, पण ते कंसातलं नाही.)

मी हे तुम्हाला खिजवायला सांगत नाही. आपला सल्ला चुकला हे आठ वर्षांनी जाहीरपणे सांगणारे लोक मला भरवशाचे वाटतात. माझा प्रश्न इतकाच आहे की अकादमी आपलं पथ्य मागे घेऊ शकते, तर माझ्या मुलीच्या कागदावरचं पथ्य कोण मागे घेणार होतं? त्यावर ना तारीख होती ना पुन्हा दाखवायला या असं लिहिलं होतं.

त्या यादीचा दुसरा दोष पहिल्याच्या नेमका उलटा होता. तेरा पदार्थांबाबत ती उगाच कडक होती आणि चौदाव्याबाबत ढिली. शेंगदाणा तिथे टोमॅटो आणि केळ्याच्या रांगेत, त्याच अक्षरात बसला होता. शेंगदाण्याने जीव जाऊ शकतो हे त्या रांगेवरून कुणाला कळावं? चुकून पोटात गेला तर काय करायचं, याची एकही ओळ नव्हती. खाज सुटली तर सिरप द्या, असं तोंडी सांगितलं होतं.

वर्षभराने एका वाढदिवसाला तिने शेंगदाणा असलेल्या चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला. पाच मिनिटांत गांधी. मी सिरप दिलं आणि वाट पाहत बसले. मग ती खोकायला लागली. मला वाटलं, घाई-घाईत ठसका लागला असेल. मग आवाज घोगरा झाला. मग ती गप्प झाली, आणि चार वर्षांचं मूल वाढदिवसात गप्प बसलं की समजावं. सिरप देऊन पंचवीस मिनिटं झाली होती. दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरांनी काही न विचारता मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच, अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. चार-पाच मिनिटांत तिचा रंग परत आला. तेव्हा ते मला रागावले, आणि बरोबरच रागावले. खोकला, घोगरा आवाज, श्वासाची शिट्टी, वारंवार उलटी, एकदम मलूल पडणं, यातलं काहीही गांधींच्या जोडीला आलं की ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शन. तिथे सिरप खाज कमी करतं, श्वासनलिका उघडत नाही आणि पडलेला रक्तदाब उचलत नाही. स्टिरॉइडला काम करायला तास लागतात. पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, स्नायूत, मांडीत. वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मुलांना एका वेळी जास्तीत जास्त ०.३, मोठ्यांना ०.५. फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. मुलाला आडवं ठेवायचं, पाय उंच. श्वास लागत असेल तर बसतं. पण उभं करायचं नाही, चालवायचं नाही. मी तिला गाडीपर्यंत चालवत नेलं होतं. बरं वाटल्यावरही काही तास दवाखान्यात थांबायचं, कारण लक्षणं काही तासांनी उलटून येऊ शकतात.

हे सगळं एका पानावर मावतं. ते पान मला वर्षभर आधी हवं होतं. ऑटोइंजेक्टर, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनची ठरलेली मात्रा भरलेलं तयार इंजेक्शन, मिळत असेल तर तो कसा धरायचा हे खोट्या इंजेक्टरवर करून दाखवा. मिळत नसेल तर अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंज कशी वापरायची ते शिकवा, आमच्याकडून दोनदा करून घ्या. शाळेसाठी त्याच पानाची प्रत. आया-बापांना हे जमणार नाही असं समजू नका. घाबरलेल्या माणसाला लेखी सूचनेचाच आधार असतो.

त्या तरुण डॉक्टरांनीच आम्हाला पुढे एका अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी फाइल उघडली नाही. पहिला प्रश्न विचारला, "हा कागद मिळायच्या आधी ही काय काय खात होती?" चाळीस मिनिटं त्या फक्त विचारत होत्या. किती खाल्लं, किती वेळाने काय झालं, दर वेळी तसंच झालं का, त्या दिवशी ताप होता का, धावपळ केली होती का. मी सांगत गेले आणि सांगता सांगता मलाच ती सकाळ आठवली, दुधाची. रिपोर्ट त्यांनी शेवटी पाहिला, जेमतेम मिनिटभर.

नंतरचे अकरा महिने एकेक पदार्थ परत आणण्यात गेले. टोमॅटो, केळं, मसूर, हरभरा यांची भीती कमी होती, ते त्यांच्या सांगण्यावरून घरीच सुरू केले. दूध, गहू, अंडं, काजू, मासे असे बाकीचे दवाखान्यात. याला तुम्ही ओरल फूड चॅलेंज म्हणता आणि अन्नाच्या अ‍ॅलर्जीच्या निदानात त्याच्या वरची परीक्षा नाही, हेही तुमच्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं. दुधाचा दिवस मला तासातासाने आठवतो. आठवडाभर आधीपासून सिरप बंद, म्हणजे खरी प्रतिक्रिया झाकली जाऊ नये. अ‍ॅड्रेनालिन शेजारच्या ट्रेमध्ये काढून ठेवलेलं. पहिली मात्रा सिरिंजमधून काही थेंब. वीस मिनिटं थांबायचं, अंग बघायचं, श्वास ऐकायचा. मग दुप्पट. पुन्हा थांबायचं. प्रत्येक वेळी ती स्वतःच बाही वर करून हातावर गांधी आल्या का ते बघायची आणि नर्सबाईंना अहवाल द्यायची: "अजून नाही." दुपारी कप संपला. दोन तास आणखी बसवून ठेवलं. काही झालं नाही. घरी येताना ती गाडीत म्हणाली, "मग मला आधी का देत नव्हतीस?" हा प्रश्न मी तुमच्याकडे पाठवते आहे, उत्तर माझ्याकडे नाही.

बारा पदार्थ सुटले. अंड्याने मात्र अडवलं. केकमध्ये भाजलेलं अंडं चाललं, कारण बराच वेळ तापल्यावर त्यातल्या काही प्रथिनांची घडी मोडते आणि शरीर त्यांना ओळखत नाही. पण उकडलेल्या अंड्याच्या तिसऱ्या मात्रेला मानेवर गांधी उठल्या. तेच उकडलेलं अंडं, जे ती आधी वर्षभर खात होती. डॉक्टरबाईंनी शब्द जपून वापरले, दोन वर्षांच्या खंडाने असं होऊ शकतं म्हणाल्या. पण अंडंही त्यांनी 'बंद' लिहिलं नाही. लिहिलं: "भाजलेलं, आठवड्यातून तीनदा, चालू ठेवा. उकडलेलं सहा महिन्यांनी इथे येऊन पाहू." कागदावर पहिल्यांदाच एका पदार्थापुढे मुदत आली. सात महिन्यांनी तेही सुटलं.

एवढंच माझं मागणं आहे. पथ्य हे औषध समजून लिहा. 'टाळा' लिहिताना कशावरून ते लिहा: खाऊन त्रास झाला म्हणून की नुसत्या रिपोर्टवरून. कधीपर्यंत ते लिहा. त्याच्याऐवजी काय खायचं ते लिहा, आणि दूध किंवा गव्हासारखा मोठा पदार्थ असेल, किंवा एकाहून जास्त असतील, तर आहारतज्ज्ञाकडे पाठवा. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचातल्या एकाचीच जाते, पण तो एक कोण हे पुन्हा पाहिल्याशिवाय कळणार कसं? अ‍ॅलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी बनवला, त्यात अर्थच बदललेल्या प्रतिक्रियेचा आहे. एकदा बदललेली गोष्ट पुन्हा बदलू शकते.

वेळ नसतो, हे मला मान्य आहे. बाहेर तीस जण थांबलेले असताना चाळीस मिनिटं कुठून आणायची? आणि माझ्यासारख्या आया येऊन "सगळंच तपासा" म्हणतात. तरी दोन प्रश्नांना दोन मिनिटंही लागत नाहीत: हे खाऊन याला काय झालं, आणि काल याने काय खाल्लं. त्यांची उत्तरं मिळाल्यावर तीसातल्या सत्तावीस पदार्थांवर काट मारता येईल. ज्या पदार्थाने काही झालेलं नाही तो तपासूच नका; अधिकचं चिन्ह आलं की ते पुसणं महाकठीण.

उलटंही होतं, ते विसरत नाही. काही अ‍ॅलर्जी या चाचण्यांत उमटतच नाहीत. एखादं तान्हं बाळ विशिष्ट अन्नानंतर दोन-तीन तासांनी भडाभडा ओकून मलूल पडतं आणि आयजीई निगेटिव्ह येतं, तेव्हा "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून त्याच्या आईला परत पाठवू नका. दुधाने पोट फुगणं म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर, न पचणं, ती वेगळीच गोष्ट. तिथे जिवाला धोका नसतो आणि थोडं दूध चालतंही. आयजीईची अ‍ॅलर्जी, चाचणीत न उमटणारी अ‍ॅलर्जी आणि लॅक्टोज न पचणं, या तिन्हींना एकच नाव देऊन एकच पथ्य सांगितलं जातं.

उपचारांबद्दल थोडंसं. परागकणांसाठी इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी त्याचीच मात्रा हळूहळू वाढवत देणं, १९११ पासून आहे, लेनर्ड नून यांनी सुरू केलेली; धुळीसाठी ती पुढे आली. ती निदान तीन वर्षं घ्यावी लागते आणि मग बंद करता येते. शेंगदाण्याची तोंडावाटे मात्रा वाढवत नेण्याची पद्धत आता रुजते आहे. २०२४ साली ओमालिझुमॅब या इंजेक्शनालाही अमेरिकेत अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी परवानगी मिळाली. दोन्हींनी चुकून पोटात गेलेल्या कणाचा धोका कमी होतो. मनसोक्त खायची मुभा मिळत नाही, आणि अ‍ॅड्रेनालिन जवळ ठेवणं सुटत नाही. हे पालकांना आधीच सांगा, नाहीतर आम्ही इंजेक्शनालाच बरं होणं समजून बसतो.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तिच्या कागदावर 'टाळा'पुढे एकच पदार्थ आहे, त्याच्या कंसात "दोनदा रिअ‍ॅक्शन, दुसरी अ‍ॅनाफिलॅक्सिस" असं कारण, मागच्या बाजूला ते एक पान, आणि खाली पुढच्या तपासणीचा महिना. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात दोन इंजेक्टर असतात. त्यांची मुदत कधी संपते ते तिला माझ्याआधी पाठ असतं. जुना कागदही मी फाइलमध्ये तसाच ठेवला आहे. तुमच्यापैकी कुणाला पाहायचा असेल तर दाखवीन.

आपली,
एका अ‍ॅलर्जीवाल्या मुलीची आई